भोंगा, शंभर व्होल्टची लाईन आणि होम थिएटर : ‘ओहम जुळवण्या’ची गोष्ट

भंडारा आणि साकोली यांच्या दरम्यान, नागपूर–रायपूर महामार्गावर लाखनी हे तालुक्याचे गाव आहे. हा सारा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते, दिवसा शंकरपट रंगतो आणि रात्री नाटक उभे राहते. नट रंगमंचावरून बोलतो आणि मंडपाच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला तो शब्द ऐकू येतो. या दोघांच्या मध्ये एक चौकोनी यंत्र बसलेले असते, त्याला अॅम्प्लिफायर म्हणतात. त्याच्या पाठीमागच्या पट्टीवर ४, ८, १६ ओहम, ७० व्होल्ट, १०० व्होल्ट असे आकडे छापलेले असतात. त्याच गावातील एखाद्या दिवाणखान्यात होम थिएटरचा रिसीव्हर असेल, तर त्याच्या पाठीवर बहुधा एवढाच मजकूर सापडतो : ६ ते १६ ओहम.

या दोन पट्ट्या म्हणजे दोन काळांचे शिलालेखच आहेत. स्पीकर आणि अॅम्प्लिफायर ‘जुळले पाहिजेत’ असे दोन्ही सांगतात, परंतु जुळणे या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे एक नाही. तो मधल्या काळात बदलला आणि शब्द मात्र तोच राहिला. आजही कॉइल जळतात त्यांतील बऱ्याचशा या गोंधळामुळे.

आरंभ ध्वनीपासून झाला नाही, विजेच्या मोटारीपासून झाला. गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली विद्युतरोधाचा नियम प्रसिद्ध केला. पुढे १८४० च्या सुमारास मोरित्झ याकोबी यांनी दाखवून दिले की बॅटरीतून जास्तीत जास्त शक्ती काढायची असेल, तर बाहेरचा रोध बॅटरीच्या आतल्या रोधाइतका असावा. ‘समान ते समान’ हा जुळणीचा पहिला अर्थ येथून आला. त्यातली मेख अशी की या समानतेत निम्मी शक्ती उगमातच उष्णता होऊन जाते. जास्तीत जास्त शक्ती मिळणे आणि शक्ती वाया न जाणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाही पुष्कळांच्या ध्यानात आले नव्हते.

ध्वनिवर्धकाचा सार्वजनिक जन्म १९१५ चा. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत कर्ण्यातून आवाज मोठा करून जमावाला ऐकवला. चारच वर्षांनी, सप्टेंबर १९१९ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन दिएगो येथे सुमारे ५० हजार श्रोत्यांपुढे त्यांच्याच यंत्रातून बोलले. आज घरोघरी असणारा कागदी शंकूचा स्पीकर मात्र १९२५ चा, चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांचा. तो बाजारात आला तेव्हा अॅम्प्लिफायर त्याच पेटीत बसवलेला होता. जुळणीचा प्रश्नच नव्हता. कारखान्याने लग्न लावूनच जोडपे पाठवले होते. दोन वस्तू वेगवेगळ्या विकल्या जाऊ लागल्या आणि मग ग्राहकाला पत्रिका पाहावी लागली.

त्या काळचा अॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा. व्हॉल्व्हला समोर काही हजार ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकरची कॉइल असते जेमतेम आठ ओहमची. मध्यस्थ म्हणून ट्रान्सफॉर्मर आला. ५,००० ओहमचे ८ ओहम करायचे तर वेढ्यांचे प्रमाण २५ ला १ ठेवावे लागते, कारण रोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पट्टीवरचे ४, ८, १६ हे आकडे म्हणजे त्या ट्रान्सफॉर्मरच्या निरनिराळ्या वेढ्यांवरून बाहेर काढलेली टोके. १६ ओहमचे युनिट १६ च्याच टोकाला जोडायचे, हा नियम येथे अक्षरशः खरा होता. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचे यंत्र मोठ्या आवाजावर चालवले, तर ट्रान्सफॉर्मरच जळण्याची भीती असे.

भारतात हे तंत्र दोन वाटांनी आले. एक वाट चित्रपटाची : १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि पुढे तंबूतल्या फिरत्या टॉकीजबरोबर बोलका पडदा जत्रांपर्यंत पोचला. दुसरी वाट राजकीय सभांची. नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओ या कंपनीचे ध्वनिक्षेपक काँग्रेसच्या अधिवेशनांत उभे राहिले. गांधीजींच्या कित्येक छायाचित्रांत माइकवर हे नाव वाचता येते. १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात मोटवाने आरोपी होते, पुढे ते निर्दोष सुटले. ध्वनिवर्धकाचा व्यापार करणारा मनुष्य राजद्रोहाच्या उंबरठ्यावर पोचावा, हा त्या यंत्राच्या सामर्थ्याचा बोलका दाखला म्हणावा लागेल.

परंतु या यंत्रांत वॅट किती होते? फार थोडे. म्हणूनच भोंग्याचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. एक वॅट दिला असता एक मीटरवर चांगला भोंगा सुमारे १०५ ते ११० डेसिबल आवाज देतो. घरगुती स्पीकर देतो ८५ ते ९०. वीस डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत शंभर पट फरक. भोंग्याला एक वॅट देऊन जो आवाज मिळतो, त्यासाठी दिवाणखान्यातल्या स्पीकरला शंभर वॅट द्यावे लागतात. खेड्यात वीज नसली तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर मंडप बोलता ठेवणे शक्य झाले, ते याच गणितामुळे. किंमत मोजावी लागली ती खर्जात. भोंगा खालचे सूर गाळून टाकतो. मनुष्याचे बोलणे मात्र त्यातून स्पष्ट येते, आणि नाटकाला प्रथम संवाद हवा असतो.

आता शंभर व्होल्टची लाईन. मंडप लांब, तारा बारीक. आठ ओहमच्या स्पीकरसाठी दोनशे मीटर तार ओढली, तर बराचसा आवाज तारेतच विरतो. यावर उपाय वीजमंडळाच्या पद्धतीचा निघाला : व्होल्टता वाढवून पाठवायची आणि प्रत्येक भोंग्यापाशी छोट्या ट्रान्सफॉर्मरने उतरवायची. ४० वॅटचे यंत्र १०० व्होल्टवर २५० ओहमपेक्षा कमी भार सहन करत नाही. १० वॅटचा एक भोंगा लाईनला १,००० ओहम दिसतो. असे चार समांतर जोडले की बरोबर २५०. हे कोष्टक माइकवाल्याने पाठ करण्याची गरज उरली नाही. दहा, दहा, दहा आणि दहा मिळून चाळीस, यंत्र चाळीसचे, काम झाले. ओहमचे अवघड गणित वॅटच्या साध्या बेरजेत बदलले. ध्वनितंत्राच्या इतिहासात होम थिएटरवर पुस्तके आहेत आणि या लाईनच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो, हा अन्यायच होय. खेड्यापाड्यांपर्यंत आवाज पोचवण्याचे श्रेय तिचे आहे.

ट्रान्झिस्टर १९४७ चा; अॅम्प्लिफायरमध्ये तो रुळला तो त्यानंतर दीड-दोन दशकांनी. त्याने मधला ट्रान्सफॉर्मर हटवला. हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ साली सुचलेल्या ऋण पुनर्भरणाच्या तत्त्वाने यंत्राचा आतला रोध एका ओहमच्या लहानशा अंशावर आणला. येथे याकोबींचा नियम संपला. नव्या यंत्राला समान भार नको. आपल्यापेक्षा कितीतरी मोठा भार हवा. ‘६ ते १६ ओहम’ याचा अर्थ समानता नव्हे, ती किमान मर्यादा आहे. १६ ओहमचा स्पीकर जोडला तर शक्ती ८ ओहमच्या निम्मी मिळेल, बिघडणार काही नाही. परंतु आठ-आठचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार होतात, चार स्पीकर जोडले की दोन, आणि यंत्र तापते. जुन्या पिढीला धोका भार सुटण्यात दिसत होता. नव्या यंत्राचा धोका भार वाढण्यात आहे.

दुसरा गोंधळ वॅटचा. यंत्र स्पीकरपेक्षा कमी वॅटचे असले की स्पीकर सुरक्षित, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात लहान यंत्र कुवतीबाहेर ओरडू लागले की लाटेचे माथे छाटले जातात. पूर्ण छाटलेली लाट छापील वॅटच्या दुपटीपर्यंत शक्ती देऊ शकते, आणि छाटल्यामुळे निर्माण झालेले उंच सूर ट्वीटरच्या नाजूक कॉइलवर जाऊन पडतात. छापील वॅटवरही किती विसंबावे? अमेरिकेत जाहिरातींतील अतिशयोक्ती इतकी वाढली की १९७४ साली व्यापार आयोगाला मोजमापाचा नियम लागू करावा लागला. आपल्याकडे पुढे खोक्यांवर ‘पीएमपीओ’ची चार आकडी संख्या झळकली. तिला अभियांत्रिकीत किंमत नाही.

घरात हा सारा प्रश्न पाच पटींनी आला. १९८२ मध्ये डॉल्बी सराउंड घरगुती संचांसाठी आले, १९९६ मध्ये जपानात डीव्हीडी निघाली आणि पाच स्पीकर व एक सबवूफर ही रचना रूढ झाली. रिसीव्हरवर प्रत्येक वाहिनीचे वॅट छापलेले असतात, ते पुष्कळदा दोनच वाहिन्या चालू असताना मोजलेले. पाचही एकदम चालल्या तर वीज एकाच पुरवठ्यातून वाटली जाते. सुदैवाने सर्वांत जड काम, म्हणजे साधारण ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज, सबवूफरकडे जातो आणि त्याचा अॅम्प्लिफायर त्याच्याच पेटीत असतो. राइस आणि केलॉग यांची १९२५ ची पेटी अशा रीतीने परत आली आहे.

मंडपांतही ती आली. नाटकातल्या नाचगाण्यांना भोंग्याचा आवाज अपुरा पडू लागला, म्हणून खर्जाचे मोठे बॉक्स आले. शब्द पोचवण्यासाठी काही वॅट पुरत होते, तेथे ढोलकीची थाप छातीत जाणवावी म्हणून हजारो वॅट लागतात. भोंगा आपला आवाज ज्या दिशेला तोंड असेल तिकडे नेतो. खर्जाला दिशा नसते, तो मंडप ओलांडून शेजारच्या वस्तीत शिरतो. झाडीपट्टीचे नाटक सुरू होते रात्री आणि संपते पहाटेकडे. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम मात्र रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला मनाई करतात, आणि राज्याने सवलत दिलीच तर ती वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, तीही मध्यरात्रीपर्यंत. तक्रार झाली तर ती संवादांची क्वचितच असेल. दूरच्या घरात खिडकीची तावदाने थरथरतात ती बॉक्समुळे, आणि ज्याचा प्रयोग थांबतो त्या नटाचा आवाज तेथवर पोचलेलाही नसतो.