अजीर्णावरील विलायती 'पेटंट' औषधें व उत्तर कोंकण

जुन्या घरांतील दप्तरें तपासतांना सनदा, महजर, करीने आणि जमाखर्चाच्या वह्या आपण काळजीनें बाजूस काढतों. परंतु त्यांच्याच तळाशीं सांपडणारें औषधांचें बाड पुष्कळदां तसेंच परत बांधून ठेविलें जातें. त्यांत 'अजीर्णास', 'पोटशूळास', 'अग्निमांद्यास' अशा मथळ्यांखालीं औषधांचीं नांवें, मासा-तोळ्यांचीं मानें आणि अनुपान एवढेंच लिहिलेलें असतें. राजकारणाचा त्यांत गंध नसतो. असें असलें तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्या लोकांच्या रोजच्या व्यवहारांत जो एक मोठा फरक पडला, त्याचा पुरावा याच उपेक्षित बाडांत आणि त्यांच्यासोबत पडलेल्या बाटल्यांच्या कागदांत आहे. तो फरक असा कीं, पोटाचें औषध घरांतील डब्यांतून व वैद्याच्या खलांतून निघून मोहोरबंद बाटलींत शिरलें. हें कसें घडलें, याचा विचार डहाणू व तलासरी या टापूच्या आधारें येथें करावयाचा आहे.

प्रथम स्थलकालाची मर्यादा सांगितली पाहिजे. सांप्रत हे दोन्ही तालुके २०१४ सालीं झालेल्या पालघर जिल्ह्यांत आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत (१८३७–१९०१) डहाणू हा ठाणे जिल्ह्याचा उत्तरेकडील तालुका होता. तलासरी तेव्हां स्वतंत्र नव्हती, ती उंबरगांवकडे मोडत असे. १९६० सालीं उंबरगांवचा मोठा भाग गुजरातेंत गेला आणि तलासरी महाराष्ट्रांत राहिली. १८६४ सालीं मुंबई-सुरत लोहमार्ग पुरा झाला आणि जो किनारा तोंवर गलबतांवर अवलंबून होता तो मुंबईच्या बाजारास जोडला गेला. पुढें १८७७ सालीं टपालखात्यानें व्ही. पी.ची सोय केली. गिऱ्हाइकानें दुकान न पाहतां माल मागवावा आणि पैसे टपालवाल्याच्या हातीं द्यावे, ही गोष्ट औषधविक्यांस जितकी फळली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणास फळली असेल.

आतां आपल्याकडे अजीर्णाचें शास्त्र काय होतें तें पाहूं. माधवनिदानकारानें अग्निमांद्य, अजीर्ण, विषूचिका, अलसक व विलंबिका यांचा विचार एकाच अध्यायांत केला आहे. अजीर्णाचे आम, विदग्ध, विष्टब्ध व रसशेष असे भेद तो सांगतो, आणि विषूचिका अजीर्णांतूनच उद्भवते असें मानतो. ही जोडणी ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. महामारीच्या पटकीस आपले लोक विषूचिका हेंच नांव देऊं लागले. त्यामुळें पटकीच्या दिवसांत साध्या करपट ढेंकरेचेंहि भय वाटणें स्वाभाविक होतें. अजीर्णाचें औषध विकणारा हा मनुष्याच्या जिभेच्या लौल्यावर जगतो अशी थट्टा करतात. त्याचें खरें भांडवल हें भयच होय.

उपाय म्हणावे तर ते उघड होते. हिंग्वष्टक चूर्णांत सुंठ, मिरीं, पिंपळी, ओवा, सैंधव, दोन जिरीं आणि हिंग हीं आठ द्रव्यें. जेवणाच्या पहिल्या घांसाबरोबर तुपांतून घ्यावयाचें. शार्ङ्गधरांत लवणभास्कर आहे. पाठ श्लोकबद्ध, मानें ठरलेलीं आणि बहुतेक द्रव्यें वाण्याच्या दुकानीं मिळणारीं. ज्यास संस्कृत येत नव्हतें त्याच्या घरच्या आजीबाईस तरी हिंग, ओवा व सैंधव ठाऊक होतेंच. अर्थात् आपलेहि वैद्य साधु होते असें नव्हे. 'हा प्रयोग कोणास सांगूं नये' अशी ताकीद बाडांतून पुष्कळ ठिकाणीं आढळते. परंतु मूळ ग्रंथ झांकलेला नव्हता, आणि छापखान्यानें तर तो आणखीच उघडा केला. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांच्यासारख्या पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या गृहस्थानें १८८० सालीं मुंबईस अष्टांगहृदय संपादून छापलें, हें या दृष्टीनें स्मरणीय आहे.

विलायती औषधांस 'पेटंट' हें नांव पडलें तें मात्र मोठें फसवें आहे. खरें पेटंट घ्यावयाचें तर कृति सरकारांत लिहून द्यावी लागते, आणि या विक्यांस नेमकें तेंच नको होतें. म्हणून त्यांपैकीं बहुतेकांनीं पेटंट घेतलेंच नव्हतें. इंग्लंडांत अशा गुप्त औषधांवर १७८३ पासून कर होता. १८१२ च्या कायद्यानें तो पक्का झाला आणि १९४१ पर्यंत चालला. कर भरल्याची चिठ्ठी पुडक्यावर चिकटविलेली असे. भोळ्या गिऱ्हाइकास तें राजमुद्रेचें प्रमाणपत्र वाटे. कराची पावती ही गुणाची ग्वाही ठरावी, याहून विक्यास आणखी काय हवें होतें?

यांपैकीं कांहींचें अंतरंग पाहण्यासारखें आहे. थॉमस हॉलोवे (१८००–१८८३) याच्या गोळ्या व मलम यांच्या जाहिराती जगांतील अनेक भाषांत छापल्या गेल्या. अखेरीस तो जाहिरातींवर वर्षाला सुमारें ५० हजार पौंड खर्च करी. टॉमस बीचम हा मूळचा मेंढपाळ. त्याच्या गोळ्यांची डबी गिनीच्या मोलाची आहे अशी त्याची घोषणा होती. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननें १९०९ सालीं गुप्त औषधांवर एक पुस्तक काढलें, त्यांत या गोळ्यांचें पृथक्करण दिलें आहे. निघालें काय? कोरफडीचा वाळविलेला रस म्हणजे आपला काळा बोळ, सुंठ, आणि साबण! डबीची किंमत एक शिलिंग दीड पेनी, पैकीं दीड पेनी ही वरील कराची. आणि ५६ गोळ्यांच्या द्रव्यांची किंमत अवघी अर्धा फार्दिंग. म्हणजे कर हाच औषधाहून बारा पटींनीं महाग.

न्यूकॅसलच्या बंदरांतील औषधविक्या जेम्स क्रॉस्ली ईनो याच्या 'फ्रूट सॉल्ट'चें नांव तर अजून आपल्या घराघरांत आहे. नांवांत फळ असलें तरी काम क्षार व अम्ल यांचें. खाण्याच्या सोड्याबरोबर टार्टारिक व सायट्रिक अम्लांची कोरडी पूड त्या काळीं मिसळलेली असे. पाणी लागतांच दोघांचा संयोग होऊन कार्बनिक वायु सुटतो व पेला फसफसतो. सायट्रिक अम्ल लिंबांत आहे, टार्टारिक चिंचेंत आहे, आणि सज्जीखार आपल्या ग्रंथांत जागोजाग आहे. खार व लिंबू एकत्र केल्यास फेंस येतो हें आपल्या स्वयंपाकघरांत कोणास माहीत नव्हतें? तरी तो फेंस बाटलींत कोरडा कोंडून ठेवण्याची युक्ति आपणांस सुचली नाहीं, हेंहि प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डचें १८५१ चें 'ग्राइप वॉटर' यांत सोडा, मद्यार्क आणि शेपेचें पाणी. शेपेचें बीं म्हणजे आपल्या बाळंतिणीच्या शोपा.

सर्वांत घातक तें क्लोरोडाइन. डॉ. जॉन कॉलिस ब्राउन हा हिंदुस्थानांतील लष्करांत वैद्य होता; पटकीवर त्यानें हा काढा योजिला आणि १८५६ पासून डॅव्हनपोर्ट या औषधविक्याच्या भागींत तो विकला. अफूचा अर्क, गांजाचा अर्क व क्लोरोफॉर्म हे त्याचे घटक. नकला इतक्या झाल्या कीं १८६४ सालीं खरा शोधक कोण याविषयीं लंडनच्या कोर्टांत दावा चालला. कळ तात्काळ थांबे यांत संशय नाहीं. परंतु पुढें त्याचें व्यसन जडे, आणि मात्रा चुकल्यानें माणसें दगावल्याचीं उदाहरणें विलायतेंत नमूद आहेत. आपल्या जातीफलादि चूर्णांतहि भांग आहे. पण ती श्लोकांत नांवानें सांगितलेली आहे, घेणारास आपण काय घेतों हें कळण्याचा मार्ग आहे.

तेव्हां द्रव्यांच्या नवेपणानें हीं औषधें जिंकलीं, असें म्हणतां येत नाहीं. तीं जिंकलीं तीं बुचानें, छापील नांवानें, प्रत्येक डबींत सारख्या राहणाऱ्या मात्रेनें आणि घरपोंच टपालानें. हें आपल्या वैद्यांसहि लौकरच उमगलें. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ सालीं पनवेलीस श्रीधूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना सुरू केला. पनवेल तेव्हां ठाणे जिल्ह्यांतच होतें; पुढें १८८३ सालीं तें कुलाब्याकडे गेलें. म्हणजे डहाणू व पनवेल हीं एकाच जिल्ह्याचीं दोन टोकें. 'विलायती औषधांनीं देशी वैद्यक बुडविलें' हें सरसकट विधान मला यामुळेंच पटत नाहीं. शास्त्रांतील पाठ तोच राहिला, वेष्टन मात्र परक्याचें घेतलें. आणि त्या वेष्टनामुळेंच तो पाठ तगला.

तलासरीच्या रानाची गोष्ट निराळी. तेथील वारली व इतर वनवासी यांचा उपचार भगत व झाडपाला यांवर चाले. ज्यास अक्षर वाचतां येत नाहीं त्यास छापील नांवाचें काय मोल? उलट औषधी द्रव्यें याच रानांत उभीं आहेत. अतिसारावरील कुटजारिष्ट ज्या कुड्याच्या सालीचें होतें तो कुडा, त्याचे इंद्रजव, बाळघुटींतील मुरुडशेंग आणि बेल हीं सर्व इकडचींच. बाटलीचा इतिहास लिहितांना किनाऱ्यावरील पांढरपेशा गिऱ्हाइकाचाच विचार केला, तर निम्मी कथा सुटते.

संग्राहकांस एक विनंति आहे. औषधांच्या बाडासोबत लेबलें, जाहिरातींचे चिठोरे, व्ही. पी.च्या पावत्या सांपडल्यास त्या रद्दींत घालूं नयेत. अशा कागदावर सन नसतो, तरी कालनिर्णयाच्या खुणा असतात: विलायती कराची चिठ्ठी असल्यास तो १९४१ पूर्वींचा, व्ही. पी.चा उल्लेख असल्यास १८७७ नंतरचा. घटक छापलेले असल्यास बहुधा १९४० च्या औषधविषयक कायद्यानंतरचा. भाषा मराठी, गुजराती कीं इंग्रजी, किंमत आण्यांत कीं शिलिंगांत, हें टिपून घ्यावें. लेबल बाडाच्या पुठ्ठ्यास चिकटलेलें असल्यास पाण्यानें सोडवूं नये, कारण शाई फुटते. आहे तसेंच ठेवून बाडाच्या नोंदींत त्याची स्वतंत्र ओळ लिहावी.