बाज कोणी उचलली

चातुर्मासात आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात पोथी लागायची. कधी हरिविजय, कधी पांडवप्रताप, आणि पोथी सांगणाऱ्या आबाजींच्या मनासारखं झालं की एकनाथी भागवत. नाथांनी अकराव्या स्कंधावर केलेली ही टीका १५७३ साली काशीत पुरी झाली. अध्याय ३१, ओव्या अठरा हजारांवर. मोठी माणसं ती वैराग्यासाठी ऐकत. आम्हा पोरांचा जीव मात्र पहिल्या आणि तिसाव्या अध्यायात. मधले अध्याय आम्ही खांबाला टेकून झोपून काढायचो.

पहिल्या अध्यायात यादवांची पोरं जांबवतीच्या सांबाला लुगडं नेसवतात, पोट फुगवतात आणि ऋषींपुढे उभा करतात. बाई लाजते महाराज, पण तिला विचारायचंय, मुलगा होईल की मुलगी? ऋषी म्हणतात, कुळाचा नाश करणारं मुसळ होईल. पोरं घाबरून पोटावरचं सोडून पाहतात तर आत खरंच लोखंडी मुसळ. राजा त्याचं चूर्ण करवतो आणि समुद्रात टाकवतो. उरलेला तुकडा मासा गिळतो, चूर्ण लाटांबरोबर काठाला लागून त्याचं गवत उगवतं. तिसाव्या अध्यायात हेच यादव नावांत बसून पाणी ओलांडतात, पुढे रथांनी प्रभासला जातात, मैरेय पितात आणि समुद्रकाठच्या त्याच गवताने एकमेकांना झोडपून मारतात. माशाच्या पोटातला तुकडा पारध्याच्या बाणाला लागतो, आणि तो बाण कृष्णाला.

आमचं अडायचं ते नावांपाशी. बुलढाणा जिल्ह्यात समुद्रासारखं खारं पाणी एकच, लोणारचं, आणि त्यात आम्ही कधी नाव पाहिली नव्हती. एवढे लोक बसले म्हणजे नाव केवढी असेल, असं कोणी विचारलं की आबाजी वैतागत. "नावेचं राहू द्या रे पोरहो, दारूकडं ध्यान द्या."

पोथी बांधून झाली की ते पदरचं जोडायचे. पदरचं म्हणजे महाभारतातलं मौसलपर्व. युद्धानंतरचं छत्तिसावं वर्ष. शापाच्या धास्तीने द्वारकेत दवंडी पिटली जाते: दारू गाळेल तो नातलगांसकट सुळावर जाईल. विदर्भात वर्धा आणि गडचिरोलीची दारूबंदी आपण पाहतोच आहोत. द्वारकेची सूळ दाखवूनही टिकली नाही. प्रभासला सगळ्यांदेखत प्याले फिरले. युद्धात पांडवांकडून लढलेल्या सात्यकीने कौरवांकडून लढलेल्या कृतवर्म्याला टोमणा मारला, झोपलेल्यांना मारणारा मोठा वीर तू! कृतवर्म्याने भूरिश्रव्याचं नाव काढलं. हात तुटून प्राण सोडायला बसलेल्या माणसाला तू कापलंस, ते काय होतं? सात्यकीने उठून त्याचं डोकं उडवलं. तिथून पुढे कोणी कोणाला आवरलं नाही.

दारूने त्या दिवशी नवीन काही आणलं, असं मला वाटत नाही. छत्तीस वर्षं दोघांच्या पोटात होतं तेच बाहेर आलं, आणि आलं ते चारचौघांत, जिथे हसून मागे घेण्याची सोय नसते. अजून एक गोष्ट मला मोठेपणी खटकली. सांबाचं नाव पोथीत आहे, पण ते लुगडं कोणी आणलं? पोटाला कोणी बांधलं? तिथे नुसतं 'यादवांची मुलं'.

हे खटकलं त्याला कारण आमच्याच गावची एक गोष्ट. माझ्या जन्माच्या फार आधीची. शिमग्याच्या रात्री लाकडं-गोवऱ्या चोरून झाल्या, हातभट्टीची संपली, आणि अंगणात पिऊन पडलेल्या एका गड्याला पोरांनी बाजेसकट उचललं. बाज नेऊन ठेवली बारवेच्या काठावर. सकाळी गडी उठेल, खाली पाणी बघून बोंब मारेल, गाव हसेल, एवढाच बेत. बेत करणारे बांधाआड दबा धरून बसले. तेही प्यालेलेच, त्यांना तिथेच झोप लागली. उजाडलं तेव्हा बाज रिकामी होती.

पंचनाम्यात नशेत तोल जाऊन पडल्याचं लिहिलं गेलं, ते खोटंही नव्हतं. गेलेल्याचं नाव गावात प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याची नातवंडं तिथेच नांदतात, म्हणून मी लिहीत नाही. पण बाज उचलणाऱ्यांची नावं मला कोणी सांगितली नाहीत. त्या पिढीतला जो तो त्या रात्री दुसरीकडेच होता: एक बहिणीच्या गावी, एक गव्हाच्या राखणीला, एक तापाने फणफणलेला. त्या शिमग्याला गावात माणूस नव्हता म्हणायचा! एका म्हाताऱ्याला मी खोदून विचारलं, चार जण तरी असतील ना? "चार कशाले लागतात? दोघांत उचलते बाज," तो म्हणाला, आणि त्याने पावसाचा विषय काढला.

हीच माणसं सिंदखेडराजाची थट्टा मात्र नावागावानिशी, हावभावांसकट सांगायची. लखुजी जाधवरावांचा रंगमहाल. रंगपंचमीचा दिवस. मालोजीराजे आपल्या शहाजीला घेऊन आलेले. छोटी जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उडवतात, आणि लखुजी हसून म्हणतात की जोडा शोभतो. मालोजी आणि त्यांचे भाऊ विठोजी भर सभेत उभे राहतात: ऐकलंत ना, सोयरीक ठरली! आतल्या बायका रागावतात, लखुजी बोलणं गमतीवर नेऊ पाहतात, भोसले हटत नाहीत. बखरींनी रंगवलेला हा प्रसंग इतिहासकार फारसा खरा धरत नाहीत, आणि मलाही तो जरा जास्तच नेटका वाटतो. पण सांगणाऱ्यांना तो सोयीचा होता. थट्टा करणारा सरकार, मुलीचा बाप, आणि शेवट लग्नाचा.

लग्नानंतरची गोष्ट कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त आहे. निजामशहाचा दरबार सुटला आणि बाहेरच्या गर्दीत खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला. लखुजींचा मुलगा दत्ताजी त्याच्यावर तुटून पडला. विठोजींचे मुलगे संभाजी आणि खेळोजी खंडागळ्यांच्या बाजूने धावले. हत्ती राहिला बाजूला, जाधव आणि भोसले भिडले. संभाजीच्या हातून दत्ताजी पडला. पुढे गेलेले लखुजी बातमी कळताच मागे फिरले, त्यांनी संभाजीला मारलं. शहाजीराजे जखमी होऊन मूर्च्छित झाले. जिजाऊंचा सख्खा भाऊ आणि चुलतदीर एकाच दिवशी गेले, आणि नवरा माहेरच्यांशी लढताना जखमी झाला. इथे दारूही नव्हती, थट्टाही नव्हती. होती ती गर्दी, आणि तिच्यासमोर मागे न हटण्याची हौस.

सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत, आणि देवगिरीच्या यादवांची वंशावळ हेमाद्रीने द्वारकेला नेऊन भिडवलेली आहे. त्यामुळे आबाजी हा प्रसंग सांगून झाल्यावर मान हलवत, "रगतच ते." मला रक्ताचं पटत नाही. बारवेवर बाज नेणाऱ्यांत कोणी यादव असल्याचं मी ऐकलेलं नाही.

२५ जुलै १६२९ ला दौलताबादेत निजामशहाच्या दरबारात लखुजी, त्यांचे मुलगे अचलोजी आणि रघोजी, नातू यशवंतराव असे चौघे मारले गेले. तो ठरवून केलेला घात होता. शिवराय जन्मले पुढच्या फेब्रुवारीत, म्हणजे ही बातमी आली तेव्हा जिजाऊंना दिवस गेलेले होते. लखुजींची भव्य समाधी सिंदखेडराजात आहे. तिच्या डागडुजीच्या वेळी, २०२४ मध्ये, पुरातत्त्व खात्याला जवळच जमिनीखाली १.७० मीटर लांबीची शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. तिच्यावर समुद्रमंथनही कोरलेलं आहे. ज्या मंथनातून वारुणी निघाली, तेच.

अलीकडे तिथे गेलो होतो. वाटाड्या रंगमहालाची गोष्ट रंगात येऊन सांगत होता. जोडा शोभतो म्हणाले, सभा हसली, लग्न झालं, चला पुढे. घोळक्यातल्या एका बाईंनी विचारलं, मग त्या दत्ताजीचं काय झालं?

"तो हत्ती इथला नव्हता, ताई," तो म्हणाला. "खंडागळ्यांचा होता."