पोटातल्या पडद्याची गोष्ट

पोट दुखू लागले की आपल्या बालाघाटकडे पहिले निदान घरातली वडीलधारी मंडळीच करतात. मराठी घरात म्हणतात ‘बेंबी सरकली’, शेजारच्या हिंदी घरात म्हणतात ‘नाभी टल गई’. मग तेल लावून पोट चोळणे आले, एरंडेल पाजणे आले. बहुतेक वेळा दुखणे आपोआप थांबते आणि श्रेय चोळणाऱ्याला मिळते. पण एखादे वेळी ते दुखणे पोटातल्या एका पातळ पडद्याचे असते, आणि तिथे चोळणे जिवावर बेतू शकते. या पडद्याची ओळख माणसाला कशी होत गेली, हे पाहण्यासारखे आहे.

या पडद्याचा एक पदर पोटाच्या भिंतीला आतून अस्तरासारखा लागलेला असतो. दुसरा जठर, यकृत, आतडी यांना लपेटून असतो. दोहोंमध्ये नावापुरता ओलावा, म्हणून आतडी एकमेकांवर न घासता सरकतात. सारा पडदा पसरला तर जवळजवळ अंगावरच्या कातडीएवढा भरेल. सुमारे ६ मीटर लांबीचे लहान आतडे त्याच्याच एका घडीने पाठीकडच्या भिंतीला टांगलेले असते, आणि त्या घडीचे मूळ असते जेमतेम १५ सेंटिमीटरचे! लुगड्याच्या निऱ्या कमरेशी चिमटीत मावतात आणि खाली घेर धरतात, तसाच हा प्रकार.

आतड्यांपुढे लोंबणारी चरबीची जाळी हाही याच पडद्याचा भाग. बोकड कापणाऱ्याला ती नेहमीच ठाऊक होती. वैदिक पशुयागात हीच ‘वपा’ प्रथम काढून, काटक्यांवर पसरून, भाजून अग्नीला अर्पण करीत. चरकाने पोटातल्या पंधरा अवयवांत ‘वपावहन’ सांगितले आहे, ते याच जाळीशी जोडले जाते. सुश्रुताने शरीरातल्या सात ‘कला’, म्हणजे आवरणे, सांगितली. त्यांतली तिसरी मेद धरणारी, आणि तो मेद पोटात असतो असे त्याने नोंदवले.

सुश्रुताचा खरा अधिकार दिसतो तो शस्त्रकर्मात. आतडे अडले तर बेंबीखाली डाव्या बाजूस छेद घ्यावा, आतडी चार अंगुळे बाहेर काढून तपासावीत, अडथळा दूर करावा, मध-तूप लावून ती परत जागी ठेवावीत आणि पोट शिवावे. आतड्याला भोक असेल तर कडा जुळवून काळ्या मुंग्यांकडून चाववून घ्याव्यात, आणि मुंग्यांची डोकी तशीच ठेवून धडे तोडावीत. जलोदरात नळी घालून पाणी काढावे, पण एकाच दिवशी सारे काढू नये, काही दिवसांच्या अंतराने थोडे थोडे काढावे आणि पोट घट्ट बांधावे. एकदम फार पाणी काढल्यास रक्ताभिसरण कोसळण्याचा धोका असतो, म्हणून आजचे डॉक्टरही ही काळजी घेतात.

मग एवढ्या माणसाने अखंड पडद्याचे वर्णन का केले नाही? कारण बहुधा त्याच्या शवपरीक्षेच्या रीतीत असावे. प्रेत गवतात गुंडाळून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवायचे आणि मग कुंच्याने थर घासून पाहायचे. त्यात असला नाजूक पडदा कसा टिकणार! पुढे तर वैद्यांच्या हातून शस्त्रच सुटले.

युरोपात ग्रीकांनी त्याला ‘भोवती ताणलेले’ अशा अर्थाचे नाव दिले होते. पण त्याच्या घड्या नीट उलगडून १७३० मध्ये लंडनच्या जेम्स डग्लसने त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. स्त्रियांच्या गर्भाशयामागच्या खोलगट घडीला आजही त्याचेच नाव आहे. हे ज्ञान आपल्याकडे १८३५ मध्ये कलकत्त्याला, १८४५ मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि १९१४ मध्ये नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये आले. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपल्याही प्रांताची राजधानी होती.

ज्ञान आले, पण शब्द विखुरले. मराठी विश्वकोश ‘पर्युदर’ म्हणतो, हिंदी पुस्तके ‘उदरावरण’ किंवा ‘पर्युदर्या’ म्हणतात, आयुर्वेदाचे विद्यार्थी ‘उदर्याकला’ म्हणतात. सगळे शब्द एकाच संस्कृत आजीची नातवंडे, पण रुग्णाच्या ओळखीचे एकही नाही. सीमा ज्ञानाला अडवीत नाही, याचा दाखला भास्कर गोविंद घाणेकरांनी दिला. या मराठी विद्वानाने बनारसला राहून सुश्रुताच्या शारीरस्थानावर हिंदीत टीका लिहिली. दोन भाषांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी निदान एवढे करावे : घरात ‘पोटातला पडदा’ म्हणावे, दवाखान्यात ‘पेट की झिल्ली’.

आणि एक खूण लक्षात ठेवावी. अॅपेंडिक्सचे दुखणे पुष्कळदा बेंबीजवळच सुरू होते, कारण आतल्या पदराला दुखण्याची नेमकी जागा सांगता येत नाही. सूज भिंतीकडच्या पदराला लागली की कळ उजवीकडे खाली येऊन ठरते. ‘बेंबी सरकली’ हा समज कदाचित इथेच फसतो. पोट फळीसारखे कडक झाले, हलताना वा खोकताना कळ आली, सोबत ताप किंवा उलट्या असल्या, तर तेलाची वाटी बाजूला ठेवावी, एरंडेल देऊ नये आणि रात्र असली तरी दवाखाना गाठावा. पडदा सुजल्यावर सकाळची वाट पाहणे परवडत नाही.