परतीचा दोर

सिंहगडावर पहिल्यांदा आलेली मुलं तानाजीच्या कड्याशी पोचली की आपोआप गप्प होतात. खाली वाकून बघतात, मग एकमेकांकडे बघतात. फेब्रुवारी १६७० मधल्या त्या रात्रीची गोष्ट मी त्यांना तिथंच सांगते. तानाजी पडले, मावळे मागे फिरू लागले, तेव्हा त्यांचे भाऊ सूर्याजी यांनी ओरडून सांगितलं की दोर कापलेत, आता लढा नाहीतर कड्यावरून उड्या टाका. ही कथा परंपरेनं आपल्यापर्यंत आली आणि ‘परतीचे दोर कापणे’ हा शब्दप्रयोग आपल्या रोजच्या बोलण्यात राहिला. नोकरी सोडून धंद्यात उतरणाऱ्याबद्दलही आपण तसंच म्हणतो, आणि कौतुकानं म्हणतो.

मी या कथेपुढे नतमस्तक आहे. पण गेली पस्तीस वर्षं पुण्यातल्या मुलामुलींना प्रस्तरारोहण शिकवताना मी त्यांना आधी परतीचा दोर बांधायला शिकवते. कड्यावर समोर शत्रू नसतो. तिथं चढाईचा उद्देश संध्याकाळी घरी येणं हाच असतो. म्हणून मला गिर्यारोहणाच्या इतिहासातली माघारीची पानं जास्त महत्त्वाची वाटतात. ती सहसा कुणी सांगत नाही, म्हणून इथं सांगते.

४ जून १९२४. एव्हरेस्टच्या उत्तरेकडून नॉर्टन आणि सॉमरवेल हे दोन इंग्रज कृत्रिम प्राणवायू न घेता वर चालले होते. दुपारच्या सुमाराला सॉमरवेलचा घसा इतका बिघडला की तो थांबला. नॉर्टन एकटाच पुढे गेला. वाट नीट दिसावी म्हणून त्यानं गॉगल काढला होता आणि आता एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या होत्या. ८,५७० मीटरवर, शिखर जेमतेम २८० मीटर उरलेलं असताना, त्यानं घड्याळ पाहिलं, पायाखालचा भुसभुशीत बर्फ पाहिला आणि तो वळला. उतरताना सॉमरवेलच्या घशातला सुजून सुटलेला भाग श्वासनलिकेत अडकला. त्यानं स्वतःची छाती दाबून तो बाहेर काढला तेव्हा कुठे त्याला श्वास घेता आला. त्या रात्री नॉर्टनला बर्फांधळेपणा आला. चारच दिवसांनी, ८ जूनला, मॅलरी आणि आयर्विन त्याच डोंगरावर वर गेले ते परतलेच नाहीत. मॅलरीचा देह १९९९ साली सापडला. नॉर्टननं गाठलेली उंची मात्र कृत्रिम प्राणवायूविना १९७८ पर्यंत कुणी ओलांडली नाही. सॉमरवेल डॉक्टर होता. तो नंतर त्रावणकोरात नेय्यूरच्या रुग्णालयात वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया करत राहिला. त्या दिवशी तो हट्टानं पुढे गेला असता तर त्या हजारो रुग्णांना हा डॉक्टर मिळाला नसता.

१९५३ चं नाव घेतलं की सगळ्यांना एव्हरेस्टवरच्या पहिल्या यशाचा २९ मे आठवतो. मला २६ मे आठवतो. त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला त्याच मोहिमेतले बुर्दिलाँ आणि इव्हान्स दक्षिण शिखरावर उभे होते. त्याआधी तिथवर कुणीही पोचलेलं नव्हतं. मुख्य शिखर तिथून उभ्या उंचीत साधारण शंभर मीटर. पण इव्हान्सचं प्राणवायूचं यंत्र त्रास देत होतं, साठा संपत आला होता, पुढच्या धारेला किती वेळ लागेल याचा अंदाज नव्हता. बुर्दिलाँला पुढे जायचं होतं. इव्हान्सनं त्याला समजावलं आणि दोघं उतरले. अर्धवट भरलेल्या दोन नळकांड्या त्यांनी धारेवर ठेवल्या. खाली साउथ कोलवर हिलरी आणि तेनझिंग त्यांना भेटले, तेव्हा पुढची धार कशी आहे हे याच दोघांनी त्यांना सांगितलं. तीन दिवसांनी परतीच्या वाटेसाठी हिलरीनं त्या दोन नळकांड्या हिशेबात धरल्या होत्या. पहिल्या यशातला एवढा मोठा वाटा मागे फिरलेल्यांचा आहे.

इव्हान्सची गोष्ट इथं संपत नाही. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, तो कांचनगंगा मोहिमेचा नेता होता. सिक्कीमच्या लोकांसाठी ते शिखर पवित्र, म्हणून त्यांना शब्द दिला होता की माथ्यावर पाऊल ठेवणार नाही. २५ मे रोजी बँड आणि ब्राउन सर्वोच्च टोकाच्या काही फूट खाली थांबले. नंतरच्या अनेक मोहिमांनी तीच रीत पाळली. थांबणं जाणणाऱ्या माणसाच्या मोहिमेत ही रीत पडावी, याचं मला समाधान वाटतं.

आता आपल्या देशाकडे येते. पहिली भारतीय एव्हरेस्ट मोहीम १९६० ची, नेते ब्रिगेडियर ग्यान सिंग. २५ मे रोजी नवांग गोंबू, सोनाम ग्यात्सो आणि कॅप्टन नरिंदर कुमार २८,३०० फुटांवर होते. वादळी वारा सुरू झाला. शिखर सुमारे ७०० फूट उरलं असताना तिघं परतले. १९६२ मध्ये मेजर जॉन डायस यांच्या नेतृत्वाखाली दुसरी मोहीम गेली. या वेळी ग्यात्सो, हरी डांग आणि मोहन सिंग कोहली सुमारे ४०० फूट खालून परतले. दोन मोहिमा आणि दोन माघारी. त्यांच्या मनावर देशाच्या अपेक्षेचं केवढं ओझं असेल! आणि मग १९६५. याच कोहलींच्या नेतृत्वाखाली २० ते २९ मे या दहा दिवसांत मोहिमेतल्या नऊ जणांनी शिखर गाठलं. पहिल्याच जोडीत गोंबू होते, दुसऱ्या जोडीत ग्यात्सो. नरिंदर कुमारांनी १९७७ मध्ये कांचनगंगेवर ईशान्येच्या अवघड धारेनं जाणाऱ्या यशस्वी मोहिमेचं नेतृत्व केलं. १९६० च्या त्या वाऱ्यात हे तिघं अडून राहिले असते तर आपल्या गिर्यारोहणाच्या इतिहासातली ही पानं कोरीच राहिली असती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १० मे १९९६. एव्हरेस्टच्या दक्षिण बाजूला न्यूझीलंडचा मोहीमनेता रॉब हॉल. त्यानं आदल्याच वर्षी आपल्या एका ग्राहकाला शिखराजवळून परत फिरवलं होतं. दुपारी उशिरात उशिरा दोनपर्यंत माथा गाठला नाही तर वळायचं, असं त्या मोहिमेत बोलणं झालं होतं. त्याच्या गटातले तिघं तर साडेअकराच्या सुमारालाच गर्दी आणि वेळ पाहून उतरले. ते तिघंही जगले. पण आदल्या वर्षी परत फिरवलेला तो ग्राहक माथ्यावर पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. हॉल त्याच्यासाठी थांबला होता. वादळ आलं आणि दोघंही परतले नाहीत. त्याच दिवशी उत्तर बाजूला भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची सहा जणांची तुकडी होती. तिघं परतले. पुढे गेलेले स्मानला, मोरूप आणि पालजोर आले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कारण ती ओढ मी अनुभवली आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही तैलबैलाच्या भिंतीवर होतो. मी पुढे चढत होते, खाली आमचे दादा दोर देत होते. माथा एका पुरुषभर खोबणीपलीकडे, तीसेक फुटांवर. मी एका चिरेत मेख ठोकली. मेख नीट बसत गेली की हातोड्याच्या प्रत्येक घावागणिक तिचा आवाज चढत जातो, आम्ही त्याला मेख गाते म्हणायचो. ही गाईना. पहिल्या घावाला जो भद्द आवाज आला, तोच सहाव्या घावालाही. बोटानं हलवली तर दगडाचा भुगा सांडला. मी ओरडले, “दादा, मेख बसत नाहीये, पण माथा दिसतोय.” खालून आवाज आला, “माथ्याचं नको सांगूस. खाली यायला तुझ्याजवळ काय आहे ते सांग.” माझ्याजवळ पंधरा फूट खालची एक पक्की मेख होती. मी तीवरून उतरले. पायथ्याशी कुणी काही बोललं नाही. दादांनी भाकरीचा तुकडा हातावर ठेवला आणि खिशातली वही काढून तारीख, वेळ, उंची आणि कारण लिहिलं. पुढच्या हिवाळ्यात ते पान वाचून आम्ही डावीकडची चीर निवडली आणि वर गेलो.

तेव्हापासून मीही तशी वही ठेवते. आज सह्याद्रीत दोर घेऊन उतरणाऱ्यांची, सुळके चढणाऱ्यांची संख्या खूप वाढली आहे. माथ्यावरचे फोटो घरोघरी पोचतात. मागे फिरलेल्यांची नोंद मात्र कुठेच राहत नाही, आणि नोंद नसली की पुढच्याला ती माघार लाजिरवाणी वाटू लागते. संस्था चालवणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना म्हणून कळकळीनं विनंती आहे. निघण्याआधी परत फिरायची वेळ ठरवा आणि ती सर्वांसमोर मोठ्यानं सांगा. कुणी परतला तर त्याचं नाव, जागा, वेळ आणि कारण अहवालात शिखर गाठणाऱ्यांच्या शेजारीच लिहा. पुढच्या वर्षी चढणाऱ्याला त्याच पानाची गरज पडणार आहे.