भुकेचं मन

पुण्याहून रेल्वेने दौंडला जाताना यवत मागे पडलं की थोड्या वेळाने केडगाव लागतं. आता आजूबाजूला ऊस दिसतो. हा कधी उपासमारीचा मुलूख होता, हे सांगूनही पटत नाही. दौंड तालुका तेव्हा भीमथडीत मोडायचा. 1875 च्या मे महिन्यात सुप्यात सावकारांच्या वह्या जळाल्या. ते लोण केडगावला आणि पुढे शिरूरकडच्या गावांतही पोचलं. दुसऱ्याच वर्षी पावसाने दगा दिला.

1877 मध्ये सर रिचर्ड टेम्पल यांच्या आग्रहाने दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर अर्धा आणा इतकी खाली आली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ती नाकारून काम सोडलं. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. भांडण होतं ते जीव तगायला किती धान्य लागतं याचं. एवढ्यावर मन कसं तगतं, हे त्या हिशेबात बसत नव्हतं.

पंडिता रमाबाईंना ते अंगावर सोसून माहीत होतं. विशीही गाठली नव्हती तेव्हाच दुष्काळात त्यांनी आईवडील आणि मोठी बहीण गमावली होती. 1897 मध्ये त्यांनी मध्य प्रांताच्या दुष्काळातून शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर ठेवलं. तिथेच ‘मुक्ती’ उभी राहिली. अशा मुलींना लगेच पोटभर वाढूनही चालत नाही. उपाशी आतडी अन्न पेलत नाहीत, कधी त्यानेच जीव जातो.

आणि मन? ते मोजलं गेलं फार नंतर, फार लांब. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटात अन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं कुणी मेलं नव्हतं, घर सुटलं नव्हतं. तरी ते चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. काही जण तर दिवसभर पाककृतींची पुस्तकं चाळत बसत. जेवण परत सुरू झालं तरी मन लगेच ताळ्यावर आलं नाही. दुष्काळात बसून राहणाऱ्याला आळशी म्हणणं किती सोपं होतं, हे तेव्हा मला कळलं.

आतडी आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस नसेतले बहुतेक धागे खालून वर, पोटाकडून मेंदूकडे खबर नेतात. ढाक्यातल्या कुपोषित मुलांवरचा 2014 चा अभ्यास सांगतो, की उपचाराचा आहार देऊनही त्यांच्या आतड्यातले जिवाणू वयाच्या मानाने मागेच राहिले. (म्हणून प्रोबायोटिकची बाटली पिऊन नैराश्य जातं असं समजू नका, ते सिद्ध झालेलं नाही.) ‘पोटात गोळा आला’, ‘पोटतिडकीने बोलला’ असं आपण उगाच म्हणत नाही.

शिरूरकडच्या माझ्या आजीने 72 चा दुष्काळ खडी फोडत काढला. सुकडीचं नाव निघालं की ती अजून गप्प होते. ताटात भाकरीचा तुकडा राहिला, तर मात्र जावयावरसुद्धा ओरडते.