इंग्रजीची वही आणि मराठी गद्य

मराठी गद्याचा इतिहास सांगताना आपण ग्रंथांची, नियतकालिकांची आणि ग्रंथकारांची नावे घेतो. परंतु ज्या ठिकाणी या ग्रंथकारांचा हात प्रथम वळला, त्या इंग्रजी शाळेतील लेखनाच्या वहीकडे फारसे कोणी पाहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी विद्यार्थ्यास वाक्य लिहिणे, ते खोडणे आणि पुन्हा लिहिणे ही सवय लागली ती मुख्यतः मराठीच्या नव्हे, इंग्रजीच्या तासाला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे मत अनेकांस रुचणार नाही. मलाही ते आरंभी रुचले नव्हते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली. पुढे थोड्याच वर्षांत, १८६० नंतरच्या दशकात, विद्यापीठाने उच्च परीक्षांतून देशी भाषा वगळल्या व त्यांच्या जागी संस्कृतादी अभिजात भाषा ठेवल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्या दीर्घ खटपटीनंतर मराठीला एम. ए. च्या परीक्षेत प्रवेश मिळेपर्यंत विसावे शतक उजाडले. मधल्या काळात महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या बुद्धिमान तरुणाला मराठीत निबंध कसा रचावा हे कोणी नियमाने शिकविलेच नव्हते. त्याने जे शिकले ते इंग्रजीत शिकले आणि मराठीत वापरले.

या व्यवहाराचा पाया त्याही पूर्वीचा आहे. बाळशास्त्री जांभेकर यांच्या १८३२ सालच्या 'दर्पण'मध्ये मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. वाचकाची नजर आपोआप एका स्तंभावरून दुसऱ्यावर जाई व तुलना घडे. मेजर कँडी हे मूळचे लष्करी अधिकारी. मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यातील ते सहकारी होत. इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. मराठीतील विरामचिन्हांची व्यवस्था लावण्याचे श्रेयही त्यांचेच. सरकारी शालेय पुस्तकांचे मराठी त्यांच्या लेखणीखालून जाई. त्यांच्या दुरुस्त्यांवर आपल्या विद्वानांनी पुढे पुष्कळ टीका केली, आणि त्यातील बरीच योग्य होती. तथापि लिहिलेले वाक्य हे अंतिम नसून दुरुस्तीचा विषय आहे, ही कल्पना त्या काळात रुजली, हेही नाकारता येत नाही.

शाळेत ही कल्पना आणली ती भाषांतराच्या वहीने. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांनी हाताळली आहे त्यांना तिची रीत ठाऊक आहे: थोडासा नियम, थोडे शब्द, आणि मग मराठी वाक्यांचे इंग्रजी व इंग्रजी वाक्यांचे मराठी. रोज थोडे, पण रोज. या रीतीला आज 'जुनाट' म्हणून बाजूस सारतात. तिच्यात दोष होतेच; वाक्ये एकमेकांशी असंबद्ध असत आणि मुलाला स्वतःचे असे काही सांगावयास मिळत नसे. परंतु दोन भाषांतील वाक्ये समोरासमोर आल्यामुळे चूक कोठून येते हे मुलाच्या डोळ्यांना दिसे. 'मी काल मामाकडे गेलो होतो' असे आपण सहज बोलतो. हेच वाक्य मूल इंग्रजीत 'आय हॅड गॉन टु माय अंकल्स हाउस येस्टरडे' असे उतरविते, कारण आपले 'होतो' त्याला 'हॅड'कडे ओढते. इंग्रजीला येथे साधा 'वेंट' पुरतो. केवळ तांबड्या शाईने 'हॅड गॉन' खोडून ही चूक जात नाही. ती पुढच्या आठवड्यात पुन्हा येते. मराठी 'होतो' किती ढिलाईने वापरले जाते हे मुलाला कळले की जाते, आणि मग त्याचे मराठीही सावध होते.

विष्णुशास्त्री चिपळूणकर स्वतः सरकारी शाळेतील शिक्षक होते. १८७४ साली त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली. तिच्या ८४ अंकांत 'भाषांतर', 'लेखनशुद्धि', 'इंग्रजी भाषा' असे विषय यावेत, यात आश्चर्य नाही. ते शिक्षकाच्या मेजावरचेच विषय आहेत. जॉन्सनच्या 'रासेलस'चे मराठी भाषांतरही चिपळूणकर पितापुत्रांच्या हातून झाले. मराठी भाषेचे शिवाजी म्हणून ज्यांचा गौरव होतो त्यांची वाक्यरचना घडली ती इंग्रजी गद्याच्या सहवासात, हा विरोधाभास केवळ वरवरचा आहे.

१ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. तेथील वामन शिवराम आपटे यांचे संस्कृत रचनेवरील इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक १८८१ सालचे. तेही नियम, उदाहरणे व भाषांतरासाठी वाक्ये अशा बांधणीचे आहे. आगरकरांनी १८८८ साली 'वाक्यमीमांसा' लिहून इंग्रजी व्याकरणातील वाक्यपृथक्करणाची पद्धत मराठीला लावली. पण या शाळेची मला सर्वांत आवडणारी हकीकत निराळीच आहे. आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' या नावाने रूपांतर केले. त्यावर 'निबंधचंद्रिके'त दीर्घ टीका लिहिली ती हरी नारायण आपटे यांनी, विद्यार्थिदशेतच. ज्या शाळेत शिक्षक विद्यार्थ्याची वही तपासतात त्याच शाळेच्या विद्यार्थ्याने शिक्षकाचे पुस्तक तपासावे, याहून त्या शाळेच्या लेखनशिक्षणाची दुसरी पावती कोणती असणार?

पुनर्लेखनाचे महत्त्व आपल्याकडेच कळले होते असे मात्र नाही. बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात सांगितले आहे की, बोस्टनच्या छापखान्यात उमेदवारी करीत असताना तो 'स्पेक्टेटर'मधील निबंधांची त्रोटक टिपणे काढून ठेवी, काही दिवसांनी त्यांवरून निबंध स्वतःच्या शब्दांत लिही, आणि मुळाशी ताडून चुका सुधारी. १९७१ साली अमेरिकेत जॅनेट एमिग यांनी शाळकरी मुले प्रत्यक्षात कशी लिहितात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून लेखन ही क्रिया आहे, केवळ फलित नव्हे, हा विचार शिक्षणशास्त्रात प्रतिष्ठित झाला.

आमच्या भोपाळात परिस्थिती थोडी वेगळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे शहर नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून कचेऱ्यांबरोबर मराठी कुटुंबेही आली. त्यांच्या नातवंडांचे इंग्रजी वाक्य आता दोन उंबरठे ओलांडून येते: घरचा मराठी आणि रस्त्यावरचा हिंदी. 'मैं गया था' आणि 'मी गेलो होतो' हे दोन्ही त्याला त्याच 'हॅड'कडे नेतात.

शिक्षकाची अडचण गणिताची आहे. ५० मुलांचा वर्ग, प्रत्येक निबंधास ८ मिनिटे, म्हणजे ६ तास ४० मिनिटे. आणि वर्ग एकच नसतो. म्हणून शिक्षक भराभर तांबड्या रेघा ओढतो, मुलगा गुण पाहून वही मिटतो, आणि परीक्षेसाठी गाइडातला निबंध पाठ करतो. आमच्या शाळेत आम्ही नववीच्या वर्गात उलट करून पाहिले. रोज पाच वाक्ये, पाहिलेल्या गोष्टीवर. शिक्षक रोज १० च वह्या पाहतो आणि चूक दुरुस्त न करता समासात केवळ एक ठिपका देतो. चूक मुलाने शोधावयाची. पंधरवड्यातून एकदा त्यांतील एक उतारा निबंधाएवढा वाढवून पुन्हा लिहावयाचा, जुना मसुदा न फाडता.

पालकांची पहिली तक्रार अशी की, मास्तर वह्या तपासतच नाहीत. त्यांना दोष देता येत नाही. तांबडी शाई हाच तपासणीचा पुरावा, अशी समजूत आम्हीच घालून दिली आहे. एका मुलीने मोठ्या तलावावरील पावसावर तीनदा लिहिले. दुसरा मसुदा पहिल्याहून चांगला होता, तिसरा दुसऱ्याहून वाईट, कारण तिसऱ्यात तिने गाइडातली विशेषणे आणली होती. तिन्ही मसुदे वर्गात वाचले तेव्हा हे प्रथम तिनेच ओळखले.

ते तिन्ही मसुदे मी शाळेच्या कपाटात ठेवले आहेत. अकादमीच्या सभासदांस एक विनंती आहे. घरातील माळ्यावर आजोबांच्या किंवा पणजोबांच्या इंग्रजी भाषांतराच्या वह्या असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात. समासातील शिक्षकाचे हस्ताक्षर आणि त्याखाली मुलाने पुन्हा लिहिलेले वाक्य अशी जोडी जेथे सापडेल, ते पान अकादमीच्या संग्रहात यावयास हवे.