वाढत्या वहीचा हिशेब : कापूसबाजार ते ब्लॉकचेन

इ. स. १८८६ मध्ये वऱ्हाडातील कारंजा (आज वाशीम जिल्हा) येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. आपल्या देशातील हा अशा प्रकारचा पहिला बाजार मानला जातो. त्याची गरज का भासली?

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेना. त्यांची मागणी वऱ्हाडाकडे वळली. १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा मार्गे नागपूरला पोचली. पूर्वी ओळखीपाळखीवर होणारे व्यवहार आता अनोळखी माणसांत होऊ लागले. वजन कोणी केले, भाव काय ठरला, नोंद कोणाच्या वहीत आहे, असे तंटे वाढले. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने त्यावर उपाय योजला : ठरलेली जागा, परवानाधारक अडते व मापाडी आणि देखरेखीसाठी समिती.

व्यवहार वाढले तरी नोंदीवरचा विश्वास कसा टिकवायचा, हा तो प्रश्न. 'ब्लॉकचेन' नावाच्या संगणकीय खातेवहीपुढे आज हाच प्रश्न आहे.

सर्वांकडे एकच वही

या वहीची पूर्ण प्रत हजारो संगणकांवर असते. नव्या नोंदींचा एक गठ्ठा बांधला जातो आणि त्यात आधीच्या गठ्ठ्याचा गणिती ठसा उमटवला जातो. जुनी नोंद कोणी बदलली तर ठसा जुळत नाही व लबाडी उघड होते. जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेले बिटकॉइन हे याचे पहिले यशस्वी उदाहरण.

अडचण अशी की येथे जास्त संगणक जोडून काम लवकर होत नाही. कचेरीत दहा कारकून ठेवले तर काम वाटले जाते. येथे मात्र दहाही कारकून तीच वही लिहितात! बिटकॉइनमध्ये सरासरी दर दहा मिनिटांनी एक गठ्ठा बांधला जातो. त्याला मूळची मर्यादा सुमारे एक मेगाबाइटची होती. म्हणजे सेकंदाला जेमतेम सात व्यवहार.

तीन वाटा

पहिली वाट गठ्ठा मोठा करण्याची, जसे बाजाराचे आवार वाढवावे. यावरूनच ऑगस्ट २०१७ मध्ये बिटकॉइनमध्ये फूट पडून 'बिटकॉइन कॅश' निघाले. गठ्ठा मोठा झाला की वही भराभर वाढते. मग ती ठेवणे साध्या संगणकाच्या आवाक्याबाहेर जाते आणि तपासणारे कमी होतात.

दुसरी वाट वहीची वाटणी करण्याची. अमरावतीचे व्यवहार अमरावतीच्या वहीत, अकोल्याचे अकोल्याच्या. काम हलके होते, पण प्रत्येक वहीवर नजर ठेवणारेही तेवढेच थोडे उरतात. शिवाय दोन वह्यांमधला व्यवहार जुळवण्याचे काम वाढते. 'इथेरियम'ने ही योजना आखली होती. २०२० नंतर तिने आपला भर तिसऱ्या वाटेवर दिला.

तिसरी वाट हुंडीची आठवण करून देते. दोन पेढ्या वर्षभर आपसांत व्यवहार करीत आणि शेवटी फक्त फरक चुकता करीत. बिटकॉइनवरील 'लाइटनिंग' जाळे असेच चालते. मुख्य वहीत फक्त सुरुवातीची व शेवटची नोंद होते. इथेरियमवरील 'रोलअप' याच्या पुढे जातात. हजारो व्यवहार बाहेर उरकले जातात, पण ते तपासण्यापुरती माहिती संक्षिप्त रूपात मुख्य वहीत ठेवली जाते. अशा माहितीसाठी मार्च २०२४ मध्ये इथेरियमने वेगळी, स्वस्त जागा करून दिली.

तपासणार कोण?

हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा नाही. विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीत, २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांची नोंद 'पॉलिगॉन' या साखळीवर करण्याचे काम प्रशासनाने हाती घेतले. पॉलिगॉन ही इथेरियमला जोडलेली वेगळी साखळी आहे. ती वेगवान व स्वस्त आहे, पण तिच्या नोंदी तपासून मान्य करणारे इथेरियमपेक्षा पुष्कळ कमी आहेत. प्रमाणपत्रात नंतर फेरफार झाला तर तो उघड होईल. मात्र ते देतानाच चूक झाली असेल, तर साखळी ती चूकच जपून ठेवील. मापाड्याने वजन खोटे सांगितले, तर वही कितीही चोख असली तरी काय उपयोग?

वऱ्हाडच्या बाजारानेही हाच धडा दिला आहे. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने येथील पद्धत इतर प्रांतांनी घ्यावी असे सुचवले. त्याच वेळी, बाजार समित्यांवर शेतकऱ्यांना पुरेसे स्थान नाही, हा दोषही दाखवला. बाजार वाढला होता, व्यवस्था बसली होती, पण ज्याचा कापूस होता त्याच्या हाती तपासणी नव्हती.

वर्गात हे सहज करून दाखवता येईल. दहा मुलांना दहा वह्या द्या. एकाने व्यवहार सांगावा, सर्वांनी लिहावा. मग मुलांची संख्या वीस करा. काम लवकर होते का? त्यानंतर दोन गट पाडा, किंवा जोडीजोडीने हिशेब करून फक्त बाकी सांगायला लावा. वेग वाढेल. मग एका मुलाला गुपचूप खोटी नोंद करायला सांगा आणि ती कोणाच्या लक्षात येते ते पाहा. वाढीची किंमत कोठे मोजावी लागते, हे मुलांच्या आपोआप ध्यानात येईल असे आम्हाला वाटते.